18 अंशांचा कूलिंग पॅड आणि माझे 7,546 रुपये

आधी हिशोब. तीन कूलिंग पॅड, म्हणजे लॅपटॉप गार राहावा म्हणून त्याच्याखाली ठेवायचे पंख्यांचे पाट, प्रत्येकी 2,499. प्रीपेड केलं म्हणून नगामागे 150 सूट, म्हणजे 7,047. त्यावर ‘रिटर्न पिकअप चार्ज’ 499. एकूण 7,546 रुपये गेले आणि घरात प्लास्टिकचे तीन डबे आले. त्यातल्या पंख्यांसमोर उदबत्ती धरली तर धूर सरळ वर जातो.

मी काही काल मोबाईल हातात घेतलेला माणूस नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा आहे. लॅपटॉप उघडून रॅम टाकणं, एसएसडी बदलणं घरीच करतो, शेजारपाजारच्यांचेही करून देतो. त्यामुळे संताप दुप्पट. गावात कुणाला बोललो नाही. बायकोला सांगितलं, तेही 7,047 पर्यंतच. पुढचे 499 ती इथे वाचेल.

विदर्भात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई. खोलीत कूलर भणाणत असतो तरी 34-35 च्या खाली काही उतरत नाही. एक्सपोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायला लावलं की प्रोसेसर 97 अंशांवर. तिथे गेला की जळू नये म्हणून तो आपोआप वेग कमी करतो, आणि तासाचं काम दोन तासांवर जातं. इकडे नवरीचे वडील फोनवर फोन करतात. माझा एक आणि कामावरच्या दोन पोरांचे दोन, असे तीन लॅपटॉप. म्हणून तीन पॅड. हाव म्हणून नाही, गरज म्हणून.

दोन दिवस ‘कूलिंग पॅड’ शोधत होतो. त्यानंतर मोबाईलवर त्याच जाहिराती येणार हे तुम्हाला माहीत आहेच. त्यातली एक फारच देखणी होती. सहा पंखे, निळा उजेड, मध्ये चकाकती धातूची पट्टी, ‘सेमीकंडक्टर कूलिंग’, आणि पुढच्या छोट्या डिस्प्लेवर आकडा 34 वरून सरसर उतरत 18 वर येतो. दहा सेकंदांत.

तो 18 चा आकडा बघून मी हसायला हवं होतं. पंखा हवा थंड करत नाही, नुसती ढकलतो. खोलीत 35 असतील तर लॅपटॉपच्या पोटात 35 चीच हवा जाणार, मग पंखे सहा असोत की सोळा. खोलीपेक्षा थंड करायचं तर पेल्टियर प्लेट (जाहिरातीतलं ‘सेमीकंडक्टर कूलिंग’ ते हेच) लागते, म्हणजे वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी तापणारी ती चौकोनी वडी. पण बाजारात सर्रास मिळणाऱ्या 12706 क्रमांकाच्या वडीला 12 व्होल्ट आणि पूर्ण ताकदीने चालवायची तर 6 अँपिअरच्या आसपास करंट लागतो. लॅपटॉपचा साधा यूएसबी 2 पोर्ट देतो 5 व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी 3 असेल तर साडेचार. त्यावर वडीही चालवायची आणि वर सहा पंखेही? ज्या पॅडला वेगळा अडॅप्टर नाही आणि ‘बर्फासारखा गार’ असं लिहिलंय, ती जाहिरात तिथेच बंद करा. हे सगळं मला ठाऊक होतं. पण रात्रीचा दीड वाजलेला, एक्सपोर्ट 62 टक्क्यांवर अडकलेलं, आणि सकाळी पार्टी दारात येणार. अशा वेळी कोण भौतिकशास्त्र काढून बसतं?

पण 18 अंशांचं एक वेळ सोडा. खरा क्षण त्याच्या नंतरचा आहे आणि तो अजून डोक्यातून जात नाही. पैसे भरायला क्यूआर आला. स्कॅन केला. साइटवर दुकानाचं झगमगीत इंग्रजी नाव, आणि माझ्या यूपीआय ॲपमध्ये पैसे घेणाऱ्याचं नाव म्हणून कुण्या एका बाईचं पूर्ण नाव. दुकान नाही, कंपनी नाही, एंटरप्रायजेस नाही. मी ते नाव वाचलं. नीट वाचलं. अंगठा क्षणभर थांबलासुद्धा. आणि मनात काय आलं? आपल्या चौकातल्या भाजीवाल्याचा क्यूआर त्याच्या मेहुण्याच्या नावावर आहे, सलूनवाल्याचा बायकोच्या नावावर, मग असेल बुवा ह्यांच्याही घरच्या कुणाच्या. पिन टाकला. टिंग वाजलं.

भाजीवाला समोर उभा असतो हो. उद्याही तिथेच उभा असणार. वेबसाइटवरच्या दुकानाचे पैसे व्यक्तीच्या नावावर जात असतील तर मागे फिरा, मग सूट दीडशेची असो की दीड हजारांची.

पार्सल आलं, आणि वेळेवर आलं, हे लक्षात ठेवा. हातात घेतलं तेव्हाच हलकं लागलं. यूएसबी लावली, निळा उजेड पडला, डिस्प्लेवर 18. लॅपटॉप वर ठेवलाच नव्हता! ठेवला तरी 18. पॅड उन्हात गच्चीवर नेला, तिथेही 18. मग तळाचे रबरी बूट उचकटून स्क्रू काढले. सहापैकी दोन पंख्यांना वायरच नाही, बोटाने फिरवले तर फिरतात, एरवी आजूबाजूच्या उजेडात फिरताहेत असं वाटतं. धातूची पट्टी म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन टोकांना गोंदाचे थेंब. तापमान मोजणारा सेन्सर कुठेच नाही. डिस्प्लेला आकडा दाखवायचं काम तेवढं दिलेलं. वर माझ्या लॅपटॉपच्या हवा ओढायच्या जाळ्या नेमक्या त्या पत्र्यावर येत होत्या. हार्डवेअर मॉनिटर, म्हणजे प्रोसेसरचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून पाहिलं, पॅडशिवाय 97, पॅडवर 99.

साइटवर पत्ता नव्हता, फक्त एक ईमेल आणि व्हॉट्सॲप नंबर. खरं म्हणजे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी साइटवर दिसायलाच हवेत. तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात. ऑर्डरच्या आधी पानाच्या तळाशी जाऊन हे बघा. नसेल तर विषय संपला. मी मात्र व्हॉट्सॲपवर लिहिलं. उत्तर लगेच आलं, फार गोड भाषेत: परत घेतो सर, पिकअपचे 499 भरा, रिफंडसोबत तेही परत मिळतील. 7,047 अडकलेत म्हटल्यावर 499 भरायला कुणीही तयार होईल. न्यायला कुणी आलं नाही. मग फोन आला की एक ॲप टाका, आमचा माणूस रिफंड करून देतो. स्क्रीन शेअरचं ॲप, म्हणजे माझ्या मोबाईलवरचं सगळं त्यांना दिसणार. तिथे मात्र मी फोन आपटला. खातं रिकामं व्हायचं वाचलं, एवढंच काय ते पदरात.

आता यंत्रणेचं ऐका.

कुरिअरवाला म्हणाला, आम्ही फक्त पोचवतो. पाठवणाऱ्याचा पत्ता द्या म्हटलं तर लेबलकडे बोट. त्यावर एका गोदामाचं नाव आणि पिनकोड. बँकेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय. मग मी काय म्हणतोय की माझा पिन माकडाने टाकला? मी म्हणतोय, ज्या खात्यात पैसे गेले ते बघा! फॉर्म भरून घेतला, शिक्का मारला, पोच मागितली तर म्हणे झेरॉक्सवर घेऊन या. झेरॉक्सचं दुकान बाजूच्या गल्लीत, लाईट गेलेली.

पोलीस ठाण्यात तर कळसच. हवालदारांनी पॅड हातात घेऊन उलटासुलटा केला, यूएसबी त्यांच्याच कॉम्प्युटरला लावली, निळा उजेड बघून खूश. म्हणाले, “चालू तर आहे ना भाऊ? वस्तू आली, लाईट लागते, मग फसवणूक कशी झाली? ही ग्राहक मंचाची भानगड आहे.” साहेब आल्यावर या म्हणाले. साहेब आले तेव्हा बंदोबस्त होता. बंदोबस्त संपला तेव्हा साहेब रजेवर. शेवटी साहेब भेटले आणि विचारलं, “सात हजारांसाठी एवढं?” सात हजार म्हणजे माझ्याकडे कामाला असलेल्या पोराचा अर्ध्याहून जास्त पगार आहे साहेब, हे मी मनात बोललो. ऑनलाइन तक्रार करा म्हणाले. ती केलीच होती, पोचक्रमांक दाखवला, तर म्हणे मग आमच्याकडे कशाला आलात?

तिथून बाहेर पडताना डोक्यात प्रकाश पडला. हे चोर रिकामं खोकं का पाठवत नाहीत? उजेड लागणारा डबा का पाठवतात? कारण काही न पाठवणं ही चोरी, आणि भंगार पाठवणं हा ‘ग्राहकाचा असंतोष’. शे-दोनशेच्या प्लास्टिकमध्ये ते पोलीस, बँक आणि कुरिअर, तिघांचीही तोंडं बंद करतात. कॅश ऑन डिलिव्हरीही ह्यात वाचवत नाही, पैसे घेतल्याशिवाय खोकं सहसा कुणी उघडू देत नाही.

जाहिरात जिथे दिसली तिथेही रिपोर्ट केलं. उत्तर आलं, आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. तीच जाहिरात आता दुसऱ्या नावाने फिरतेय, डिस्प्लेवर तोच 18.

ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो ना! 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा तरी कंपनी खरी असावी लागते. क्रेडिट कार्डाने भरले असते तर ‘सांगितली ती वस्तू नाही’ म्हणून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागता आले असते. व्यक्तीच्या खात्यावर गेलेल्या यूपीआयला तो रस्ता नाही. अनोळखी साइटवर घ्यायचंच असेल तर कार्डाने घ्या.

आणि पॅडचं म्हणाल तर आधी लॅपटॉप उलटा करून जाळ्या कुठे आहेत ते बघा. खाली नसतीलच तर कुठलाही पॅड फारसं काही करणार नाही. साधे उघड्या पंख्यांचे पॅड थोडेच अंश उतरवतात. लॅपटॉपला कडेने फोम लावून हवा आत दाबणारे ब्लोअरवाले जास्त उतरवतात, पण ते महाग आणि आवाज पिठाच्या गिरणीसारखा. मी शेवटी पंख्यातली धूळ काढली, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली आणि मागची बाजू दोन इंच उचलून धरणारा लोखंडी स्टँड ओळखीच्या दुकानातून घेतला. पेस्ट 350, स्टँड 450. आता एक्सपोर्टला 86 च्या वर जात नाही.

ज्यांच्याकडे हा डबा आलाच असेल त्यांनी लेबल फाडू नका, खोकं उघडतानाचा व्हिडिओ ठेवा, 499 भरू नका, आणि पैसे गेल्याचं कळताच आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे खात्यातून काढले जायच्या आत तक्रार गेली तरच अडवता येतात. पोलीस ठाण्यात जाल तेव्हा डबा चालू करून दाखवू नका.