पडलेलं घर ‘जसं आहे तसं’ घेणाऱ्याकडे मायचं घर विकलं, त्याबद्दल

या व्यापाऱ्याला पाचपैकी तीन गुण देते. एक गुण कापला तो त्याच्या कागदांसाठी. दुसरा का कापला ते शेवटी सांगते.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठावर. २२ जुलै २०२३ ची सकाळ आमच्या भागात कोणी विसरणार नाही. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यात लोक अडकले आणि हेलिकॉप्टर मागवावी लागली, तोच दिवस. आमच्या गावात जीव कोणाचा गेला नाही, पण नाल्यानं खालची आळी धुऊन नेली. मायच्या घराच्या मागच्या भिंतीचा पाण्यानं गारा केला. पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंती, वर सागाचे मयाल म्हणजे तुळया, आणि छताला कवेलू, म्हणजे मातीची कौलं. माझ्या आजोबांनी बांधलेलं घर.

माय शेजारच्या काकूंच्या गच्चीवर होती. पाणी उतरल्यावर ती आत गेली आणि पहिलं काय केलं, तर कोठीतल्या भिजलेल्या तुरी उपसायला बसली. तिला हाताला धरून बाहेर काढलं. तीन दिवसांनी कडक ऊन पडलं आणि मधली भिंत बसली. मातीच्या घरांचं असंही होतं, पाण्यात उभी राहिलेली भिंत वाळताना पडते.

पोळा झाल्यावर तो माणूस आला. तालुक्याचा व्यापारी आहे. जुनी वाडे-घरं, पडकी घरं, लाकूड, जागा, सगळं जसं आहे तसं घेतो. पूर आलेल्या गावांत तो घरोघर फिरत होता. मायला म्हणाला, “आजी, तुमाले काईच करा लागत नाही. गाळबी मीच काढतो, मलबाबी मीच उचलतो. पैसे रोख, सांजच्याले हातात.” आकडा सांगितला १ लाख ९० हजार.

खरं सांगते, त्या वेळी मला तो देवासारखा वाटला. दादा सुरतेला कामाला, मी पुसदला, ताई दिग्रसला. घर परत उभं करायचं तर गवंडी, रेती, सिमेंट, शिवाय रोज साइटवर उभं राहणारं माणूस. बरं, जागा काळ्या मातीवर. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते, म्हणून पाया खोल न्यावा लागतो. आणि माय स्पष्टच म्हणाली, “त्या नाल्याच्या आवाजानं मले आता झोप येत नाही.” पुढे काही विचारायचं राहिलंच नाही. विकायचं ठरलं.

तरी लगेच हो म्हटलं नाही, ते गावातल्या सुतार काकाजींमुळे. ते स्वतःहून आले, टेप लावला, एकेक मयाल हातोडीनं ठोकून पाहिला. सात मयाल, अकरा खांब, दोन मोठ्या चौकटी, माळ्याच्या फळ्या. म्हणाले, “बाई, हा मातीचे पैसे देऊन राह्यला. लाकूड फुकटात चाललं तुमचं.” नुसत्या सागाचा त्यांचा अंदाज ऐंशी-नव्वद हजारांचा निघाला. तेव्हा कळलं की हा घर घेतच नाही. तो घेतो दोन वस्तू, जुना वाळलेला साग आणि गावठाणातली जागा. पडलेल्या भिंती दाखवून तो भाव पाडतो, पण भिंतींशी त्याला काही घेणं नाही. दुसऱ्या खेपेला आला तेव्हा दर्शनी भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, “हे बी फुगली, दहा हजार कमी करा.” मी काकाजींची यादी पुढे ठेवली. भिंतीचा विषय तिथेच संपला. शेवटी २ लाख ६० हजारांवर जमलं आणि देवघराची चौकट आम्ही ठेवून घेतली. भावाच्या बाबतीत त्याला दोष देणार नाही. एकदा यादी समोर आल्यावर त्यानं खळखळ केली नाही, आणि दिलेला शब्द फिरवला नाही.

कागदाचं मात्र वेगळं होतं, आणि हे लिहायला बसले ते त्यासाठीच. पुरानंतर लोक घाईत असतात आणि इथेच फसतात.

इसार म्हणून त्यानं शंभरच्या बाँडवर आधीच टाइप करून आणलं होतं. नोटरी करून देतो म्हणाला, रजिस्ट्रीची गरज नाही. हे चूक आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची घर-जागा विकायची तर नोंदणी केलेलं खरेदीखतच लागतं, नोटरीनं मालकी जात नाही. म्हणजे घरपट्टीची नोटीस आमच्याकडेच येत राहणार आणि ताबा त्याचा. त्याच कागदात सहाव्या ओळीत लिहिलं होतं, “शासनाकडून मिळणारी नुकसानभरपाई लिहून घेणाऱ्यास राहील.” माझी नजर पडली म्हणून, नाहीतर मायचा अंगठा त्यावर उमटला असता.

ती भरपाई काही लहान नव्हती. पहिल्या पंचनाम्यात घर ‘अंशतः पडझड’ लिहिलं होतं. तेव्हा कच्च्या घराला अंशतः म्हणजे ४,००० रुपये होते. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार. मधली भिंत नंतर बसली हे दाखवायला आम्ही तारखेसह फोटो दिले, अर्ज दिला, दोनदा तहसीलला गेलो आणि फेरपंचनामा करून घेतला. पैसे मायच्या आधार जोडलेल्या खात्यात यायला महिने लागले, पण आले. व्यापाऱ्याला हा आकडा पाठ होता. फेरपंचनामा व्हायच्या आत मलबा उचलायची त्याला इतकी घाई का होती, ते मला नंतर उमजलं. ज्यांचं घर पडलंय त्यांना हात जोडून सांगते, पंचनाम्याची प्रत हातात येईपर्यंत एक कवेलूही कोणाला उचलू देऊ नका.

दुसरं, सह्या. नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर, अजून बाबांचंच नाव होतं. तो म्हणे, “आजीची आन् भाऊची सही पुरे. पोरीच्या सह्या काहून पाह्यजे?” बाबा मृत्युपत्र न करता गेले. हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगा, मुली, सगळ्यांचा वाटा सारखा. आम्ही ग्रामपंचायतीत वारसांची चारही नावं चढवली, मासिक सभेचा ठराव झाला, थकलेली घरपट्टी भरली. यात दीड महिना गेला. ताईनं आणि मी आमचा हिस्सा मायला द्यायचं आधीच ठरवलं होतं. पण सही आम्ही केली. ज्या घरात मी लहानाची मोठी झाले, ते जाताना माझं नाव कागदावर असायलाच हवं होतं.

तिसरं म्हणजे रोख. खरेदीखतात ९० हजार लिहू, बाकी हातात देतो, असा त्याचा आग्रह. घर-जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यात २०१५ पासून बंदी आहे, आणि दंड रोख घेणाऱ्याला होतो, घेतली तेवढ्याच रकमेचा. म्हणजे आमच्या मायला. निव्वळ शेतीवर जगणाऱ्या दोघांमधल्या व्यवहाराला सूट आहे, पण हा व्यापारी. मी म्हटलं, पूर्ण रक्कम लिहा आणि बँकेतून पाठवा, नाहीतर राहू द्या. दोन आठवडे फोन नाही. मग स्वतःच आला. जानेवारीत दुय्यम निबंधकाकडे गेलो. मायच्या मोबाइलवर २ लाख ६० हजार जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच आम्ही बोटांचे ठसे दिले. तो शांतपणे बाकावर बसून राहिला, चिडचिड केली नाही, आम्हा सगळ्यांना चहा पाजला. हे त्याच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे.

लाकूड उतरवायला त्यानं आणलेली माणसं फार चांगली होती. एक फळी फोडली नाही, कवेलू रांगेत लावले. ढिगाऱ्यात मायचं पितळी गंगाळ सापडलं, ते धुऊन आणून दिलं. लाकूड नेण्यासाठी वनखात्याचं जे लागेल ते त्यानं पाहायचं, हे आधीच लिहून घेतलं होतं, आणि ते त्यानं केलं.

आता दुसरा गुण. मलबा महिन्याभरात उचलतो म्हणाला होता. साग गेला आणि माणसं दिसेनाशी झाली. मातीचा ढीग काकूंच्या भिंतीला टेकून तसाच. ज्या काकूंनी पुरात मायला वर ओढून घेतलं, त्यांच्याच भिंतीला. पहिला पाऊस आला असता तर ती ओल त्यांच्या घरात शिरली असती. मी आठवड्यातून तीनदा फोन करत होते. मृग लागायच्या चार दिवस आधी ट्रॅक्टर आला आणि एका दिवसात ढीग उचलला. तारीख खरेदीखतात घालून घ्यायला हवी होती, ते माझ्याकडून राहिलं. काकूंच्या भिंतीला खालून हातभर पोपडे आलेत. या दिवाळीला तेवढं गिलावून द्यायचं मायनं ठरवलंय, त्याच पैशातून.