ऐरोलीच्या खाडीतली बोट फेरी : पाचपैकी पाच, फक्त भरतीची वेळ बघून जा

आधी सांगते की आम्ही कोपरखैरण्यात तळमजल्यावर राहतो. म्हणजे आमचा पावसाळा जूनमध्ये नाही, मेच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू होतो. फ्रिजखाली विटा, गहू-तांदळाचे डबे माळ्यावर, बाथरूमच्या जाळीवर भरलेली गोणी आणि मोबाईलवर भरतीचं टाइमटेबल. हे सगळं लिहायचं कारण असं की ऐरोलीची ही बोट बहुतेक जण फ्लेमिंगोचे फोटो काढायला करतात, आम्हीपण त्यासाठीच गेलो होतो, पण येताना मला आमच्या गल्लीत पाणी का भरतं ते पहिल्यांदा नीट कळलं. त्यामुळे हा रिव्ह्यू पक्ष्यांपेक्षा चिखलाबद्दलच जास्त आहे.

पहिल्यांदा आमची फजिती झाली ती आधी सांगून टाकते, तुमचे पैसे वाचतील. एका खासगी टूरवाल्याकडे फोनवर बुकिंग केलं, त्याने सकाळची वेळ दिली, आम्ही पाच जण सासूबाईंना घेऊन धक्क्यावर पोचलो तर समोर पाणीच नाही, नुसता चिखल. पूर्ण ओहोटी. बोट हलणार कशी? त्या माणसाने भरतीची वेळ बघितलीच नव्हती आणि वर पैसे परत द्यायलाही टाळाटाळ केली. ठाण्याची खाडी उथळ आहे, इथे घड्याळ नाही, पाणी सांगेल तेव्हाच बोट सुटते.

दुसऱ्यांदा सरळ वनखात्याच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून गेलो. हे केंद्र २०१७ मध्ये ऐरोलीत सुरू झालं, आणि इथून गेलात की पहिला फायदा म्हणजे फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणेच ठरतात, त्यामुळे दर दिवशी वेगळ्या असतात. बोट सुटायच्या आधी आतलं प्रदर्शन शांतपणे बघून घ्या. आमच्या मुलाला तिथल्या समुद्री जिवांच्या मॉडेल्ससमोरून ओढून काढावं लागलं.

बोट साधारण तासाभराची. पक्ष्यांचं थोडक्यात सांगते कारण फोटो सगळ्यांनी बघितलेत. आम्ही मार्चमध्ये गेलो, दुरून किनाऱ्यावर गुलाबी पट्टा दिसला तो जवळ गेल्यावर हलायला लागला, आणि आमची बोट एकदम गप्प झाली. छोटा रोहित आणि मोठा रोहित, म्हणजे फ्लेमिंगोच्या दोन जाती, दोन्ही इथे येतात, थंडीपासून मेपर्यंत असतात. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, जवळजवळ १६९० हेक्टर, आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. पक्षी बघताना अंगावर काटा येतो, त्यात वादच नाही.

पण मला खरं धरून ठेवलं ते परतताना. बोट तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या कडेने हळू घेतली होती, भरती अजून चढत होती, आणि पाणी झाडांच्या आत शिरताना दिसत होतं. बाहेर पुलाकडून येणाऱ्या एका मोठ्या बोटीने चांगल्या लाटा उठवल्या, आमची बोट डोलली, माझ्या मुलाने माझा हात धरला. त्याच लाटा झाडीत शिरल्या आणि दहा-पंधरा पावलांत विझल्या. आत मागे पाणी सपाट. मी दोनदा बघितलं. बरोबरच्या गाईडने मग दाखवलं, तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी श्वसनमुळं वर आलेली असतात, शेकड्याने, आणि कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाची मुळं तर खोडातून कमानीसारखी बाहेर येऊन चिखलात रुततात. पाण्याला यातून वाट काढावी लागते आणि प्रत्येक मुळाला घासून त्याचा जोर जातो. जोर गेला की पाण्यातला गाळ खाली बसतो, गाळ बसला की जमीन हळूहळू वर येते. म्हणजे ही झाडं आपली भिंत आपणच बांधत असतात, आणि दरवर्षी थोडी उंच करत असतात. सिमेंटची भिंत असं कधी करेल का?

घरी येऊन मी याबद्दल बरंच वाचलं, झोपच येईना. शास्त्रज्ञांनी मोजलंय की १०० मीटर रुंद खारफुटीतून जाताना लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते. झाडी किती दाट, मुळं कशी, पाणी किती खोल यावर ते ठरतं, म्हणून आकड्यात एवढा फरक. पण वादळाबरोबर समुद्राचं सगळं पाणीच फुगून आत येतं ना, त्याचं गणित वेगळं. ते एक किलोमीटर खारफुटीमागे ५ ते ५० सेंटिमीटरच कमी होतं. म्हणजे लाट मारायला थोडी झाडी पुरते, फुगलेलं पाणी अडवायला मैलभर लागते. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आलं तेव्हा केंद्रपाडा जिल्ह्यातल्या गावांचा नंतर अभ्यास झाला, समुद्र आणि गाव यांच्यामध्ये जिथे खारफुटीचा पट्टा रुंद होता तिथे माणसं कमी दगावली. हे वाचून मला २०२० चा जून आठवला, निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं तेव्हा आम्ही दिवसभर खिडक्यांना टेप लावत बसलो होतो. आपण वादळाच्या वाटेबाहेर आहोत असं आता कुणी म्हणू नये.

आता माझ्या गल्लीवर येते. आमच्या शेजारच्या काकू बोटीत बरोबर होत्या, त्यांचं माहेर ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातलं. त्या गाईडचं ऐकत गप्प बसल्या होत्या, मग एकदम म्हणाल्या, "उधानाचा पानी पयले खाजनात पसरायचा. आता खाजनच नाय ठेवला, त घरात येनारच ना." उधान म्हणजे मोठी भरती आणि खाजन म्हणजे खाडीकाठची सखल खारजमीन. बास. आम्ही वीस वर्षं पालिकेला, नाल्याला, शेजारच्या बिल्डिंगला बोलतोय आणि काकूंनी दोन वाक्यांत सांगून टाकलं.

नवी मुंबईतली बरीच जमीन सखल आहे, मोठ्या भरतीच्या पाण्याच्या पातळीच्याही खाली. सिडकोने शहर आखताना म्हणून होल्डिंग पाँड ठेवले. पावसाचं पाणी नाल्यातून त्या तळ्यात येतं, खाडीला भरती असली की तोंडाशी लावलेली झडप पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होते, म्हणजे खाडी आत शिरत नाही, आणि ओहोटी लागली की तळं रिकामं होतं. काकू म्हणाल्या, ही तर आमची उघाडी! आणि खरंच तसंच आहे, आगरी-कोळी शेतकरी खारजमिनीला बांध घालून त्यातल्या दारातून, म्हणजे उघाडीतून, हेच करायचे. पण तळं गाळाने भरलं की त्यात पाणी राहणार किती? आणि त्या गाळात आता खारफुटी उगवली आहे, तिला कोर्टाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, म्हणून गाळ काढायचं कामही रखडतं. झाडं तोडा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, पण तळी साफ करायला हवीत हेही तितकंच खरं आहे, यातून मार्ग निघायलाच हवा, कारण पाऊस आमच्या वादासाठी थांबत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढ्या पावसाला कुठलीच झाडी पुरी पडणार नाही, हे मला मान्य आहे. खारफुटी ढग अडवत नाही. ती खाडीचं पाणी पसरायला जागा देते, किनारा धरून ठेवते, भरतीचा जोर मारते, आणि मग पावसाच्या पाण्याला बाहेर जायला थोडी फट मिळते. ती जागा भराव टाकून बुजवली की तेच पाणी नाल्यातून उलटं वर येतं. आमच्या बाथरूमच्या जाळीतून जे येतं ते तेच. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं म्हटलं आणि खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. मला हे बोटीवरून उतरल्यावर पहिल्यांदा पटलं. आधी वाटायचं, झाडांचा आणि हक्काचा काय संबंध.

एक गोष्ट मनाला लागली. झाडीच्या कडेने मुळांना अडकलेलं प्लॅस्टिक. थैल्या, चपला, थर्माकोल. ते केंद्राचं नाही, आपल्याच नाल्यांमधून आलेलं आहे. श्वसनमुळांवर थैली बसली की त्यांचा श्वास कोंडतो, गाईडने एक मूळ दाखवून हे सांगितलं तेव्हा सासूबाई पुटपुटल्या, "आपणच टाकलं असेल."

जायचं असेल तर शनिवार-रविवारची जागा आधी ठरवा, भरतीची वेळ स्वतः बघा, टोपी आणि पाणी घ्या, डास आहेत म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे. बोटीत मोठ्याने गाणी लावू नका. आमच्या मागे बसलेल्या एका ग्रुपने लावली होती, पक्षी दूर सरकले आणि बाकी सगळ्यांचा विचका झाला. छोट्या मुलांना आवर्जून न्या, निवटी, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारताना दिसली तर मुलं तासभर हलणार नाहीत. म्हाताऱ्यांना चढता-उतरताना हात द्यायला कुणीतरी हवं, आमच्या सासूबाईंना बोटीवरच्या दादांनी अगदी सांभाळून उतरवलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. दर मेमध्ये आपण नालेसफाईचं पत्र देतो, यावेळी त्यात होल्डिंग पाँडच्या गाळाचाही मुद्दा घालायचा, आणि पत्र द्यायच्या आधी कमिटीतल्या सगळ्यांनी ही बोट करून यायचं. सात जण तयार झालेत. पुढच्या पौर्णिमेच्या उधाणाच्या आसपासची भरती बघून जागा धरल्यात, तेव्हा पाणी झाडीत जास्त आत शिरलेलं दिसेल असं काकू म्हणतात, आणि काकूपण येतायत.