नॅनोव्हीएनए आणि टायनीएसए: घरी बांधलेला रिसीव्हर जुळवताना

नॅनोव्हीएनए फिल्टर किंवा अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला कशी वागते ते आलेखात दाखवतं; टायनीएसए कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवतं आणि जनरेटर म्हणून सिग्नल देतंही. तळहातावर मावणारी ही दोन यंत्रं गेले काही महिने टेबलावरून हललेली नाहीत. एकच घ्यायचं असेल तर बहुतेक जण नॅनोव्हीएनए सुचवतात. अँटेनासाठी ते बरोबरच आहे. पण रिसीव्हर जुळवायचा असेल, तर मी टायनीएसए आधी घेईन. रिसीव्हरला शेवटी लागतो तो ठरावीक ताकदीचा आणि अगदी क्षीण सिग्नल, आणि तो देणं हे नॅनोचं कामच नाही.

माझा रिसीव्हर साधा सुपरहेट आहे, म्हणजे आलेला सिग्नल आधी एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर (आयएफ) आणणारा: ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, आयएफ ९ मेगाहर्ट्झ, ओळीने जोडलेल्या क्रिस्टलांचा लॅडर फिल्टर, आणि १६ मेगाहर्ट्झच्या पुढे चालणारा एसआय ५३५१ चिपचा व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर).

फिल्टरच्या बाबतीत मात्र नॅनोला तोड नाही. बँडपास फिल्टर (हवा तेवढाच पट्टा आत सोडणारा) जोडायचा, ६ ते ८ मेगाहर्ट्झचा स्वीप लावायचा आणि ट्रिमर (जुळवणीचा छोटा कपॅसिटर) फिरवायचा. वक्र डोळ्यांदेखत सरकतो. कानाने जुळवताना आवाज वाढला की आपण थांबतो. इथे कपलिंग (फिल्टरच्या दोन टप्प्यांमधली जोड) जास्त झाल्यावर पडलेली दोन शिखरं आणि मधला खळगा लगेच दिसतो. कपलिंगचा कपॅसिटर थोडा कमी केला की खळगा भरून येतो. टोरॉइडचे (कड्यावर गुंडाळलेल्या कॉइलचे) वेढे नखाने पसरवले की शिखर वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतं, जवळ आणले की खालच्या. ट्रिमरला प्लास्टिकचाच स्क्रूड्रायव्हर लावा, लोखंडी बाजूला घेताच सगळं पुन्हा हलतं.

क्रिस्टल फिल्टरला जरा निगुतीने घ्यावं लागतं. मूळ नॅनोत एका स्वीपला १०१ बिंदू मिळतात, म्हणजे १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दर १०० हर्ट्झला एक; तेवढं पुरतं. पण पट्टा बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा करायचं, इथे आळस नको. नॅनोची दोन्ही तोंडं ५० ओहमची, माझा फिल्टर २०० ओहमचा. म्हणून दोन्हीकडे १५० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घातला. तो नसेल तर माथ्यावर लाटा दिसतात आणि बिचाऱ्या क्रिस्टलांना दोष मिळतो. रेझिस्टरांमुळे १२ डीबी (डेसिबल) जादा घट दिसते, ती फिल्टरच्या खात्यात धरायची नाही. याच वक्रावरून बीएफओची (आयएफमधून ऐकू येणारा आवाज काढून देणाऱ्या ऑसिलेटरची) जागाही ठरली. व्हीएफओ सिग्नलच्या वर असल्याने साइडबँड उलटतो (खालचा वर जातो), त्यामुळे एलएसबी (खालचा साइडबँड) ऐकायला बीएफओ फिल्टरच्या खालच्या उतारावर, साधारण २० डीबी खाली ठेवला.

यापुढचं सगळं टायनीएसएचं. जनरेटर म्हणून ते उणे ७६ डीबीएमपर्यंत (एक मिलिवॉटच्या ७६ डीबी खाली) उतरतं. पुढे सिग्नल आणखी क्षीण करणारे ३० डीबीचे दोन अ‍ॅटेन्युएटर लावले की संवेदनशीलता मोजता येते. सिग्नल बंद ठेवून स्पीकरवरचा नॉइज मोजायचा आणि मग व्होल्टेज १.४ पट होईपर्यंत सिग्नल वाढवायचा. माझं उत्तर उणे १२५ डीबीएमच्या आसपास आलं. चाळीस मीटरला, म्हणजे याच ७ मेगाहर्ट्झला, बँडचाच गोंगाट इतका असतो की याहून जास्त हाव कशाला? मात्र रिसीव्हर उघडा ठेवून हे मोजू नका. सिग्नल अ‍ॅटेन्युएटरला वळसा घालून थेट आत शिरतो आणि आकडा फसवा चांगला येतो. पत्र्याचं झाकण बसवूनच मोजा.

इमेजही (व्हीएफओच्या पलीकडची, तीच आयएफ देणारी नको असलेली फ्रिक्वेन्सी) याच पद्धतीने तपासली. ७.१ ची इमेज २५.१ मेगाहर्ट्झला पडते. तिथे जनरेटर लावून तेवढाच आवाज येईपर्यंत सिग्नल वाढवला, तर फरक ५० डीबीच्या जवळ निघाला. दोन टप्प्यांच्या फिल्टरकडून मला तो चालतो.

तक्रारी आहेतच. दोन्हींवरचं ते ढकलायचं चिमुकलं बटण बोटाला वैताग आणतं, म्हणून मी सगळं संगणकावरूनच करतो. टायनीएसएची बँडविड्थ (ते एका वेळी मोजतं तो पट्टा) ३ किलोहर्ट्झच्या फारशी खाली जात नाही, त्यामुळे जवळजवळचे दोन सिग्नल एकच ढेकूळ दिसतात. अल्ट्रा मॉडेलमध्ये ही अडचण बरीच कमी आहे.

सिग्नलची ताकद दाखवणारा एस मीटर सगळ्यांत शेवटी लावला. एस ९ म्हणजे उणे ७३ डीबीएम, आणि त्याखाली प्रत्येक घर ६ डीबीचं. वरच्या खुणा नीट बसल्या. एस ४ च्या खाली एजीसी (आवाज आपोआप सांभाळणारं आणि काटा हलवणारं सर्किट) जागाच होत नाही, तेव्हा तिथे काटा काहीही दाखवो, मी कानावरच भरवसा ठेवतो.