सेटिंग्जमध्ये दिसतंय म्हणून खरं मानलं आणि फसलो, टॅब्लेट घेणाऱ्यांनी वाचा

लाज वाटते सांगायला पण सांगतोच. घरात कोणालाही मोबाइल, लॅपटॉप घ्यायचा असला की आधी मला विचारतात, आणि फसलो कोण तर मीच.

गरज साधी होती हो. पीडीएफ वाचायच्या, त्यावर पेनने खुणा करायच्या, रात्री पडल्या पडल्या एखादा पिक्चर बघायचा, बस. याला बरी स्क्रीन आणि नीट चालणारा पेन लागतो, बाकी काही नाही. पण ऑनलाइन शोधायला बसलो आणि आकड्यांच्या नादी लागलो. एकीकडे माहितीतल्या कंपनीचा टॅब, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. दुसरीकडे कधी नाव न ऐकलेला, १२ जीबी रॅम, ५१२ जीबी स्टोरेज, १० कोअर प्रोसेसर, अँड्रॉइड १३, वर पेन कीबोर्ड कव्हर सगळं फुकट आणि किंमत पहिल्याच्या निम्मी. रिव्ह्यू पण भरपूर आणि चांगले. ते मी नीट वाचले असते तर कळलं असतं की अर्धे लोक कुठल्यातरी कव्हरबद्दल लिहितायत, म्हणजे आधी कव्हर विकत होते त्या जुन्याच पानावर, जुने रिव्ह्यू तसेच ठेवून, हा टॅब टाकलेला.

पार्सल आलं, लगेच सेटिंग्ज उघडून बघितलं. १२ जीबी, ५१२ जीबी, अँड्रॉइड १३, सगळं जिथल्या तिथे. खूश होऊन ५ स्टार देऊन टाकले (हे आठवलं की अजून डोक्यात जातं).

मग एकेक सुरू झालं. पेन म्हणजे नुसतं रबरी टोकाचं, स्क्रीनच्या आत पेन ओळखणारा थरच नाही, त्यामुळे हात टेकला की पानभर रेघोट्या. पिक्चर धुरकट, बँकेचं अ‍ॅप उघडेच ना. तरी मी आपला मनाची समजूत घालतोय की स्वस्तात एवढं चालायचंच. पण जुन्या सगळ्या पीडीएफ आणि फोटो कॉपी करून टाकले आणि दोन दिवसांनी बघतो तर नावं दिसतायत पण बऱ्याच फाइल उघडतच नाहीत.

तेव्हा शोधाशोध केली. प्रकार असा असतो की सेटिंग्जचं पानच खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आतलं सॉफ्टवेअर बदलून तिथे हवे ते आकडे टाकतात. माझ्या टॅबमध्ये खरं स्टोरेज ३२ जीबी निघालं, ते भरलं की नवी फाइल आधीच्या फाइलवर लिहिली जाते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. सीपीयू-झेड म्हणून आतली माहिती दाखवणारं अ‍ॅप टाकून बघितलं तर एपीआय लेव्हल (अँड्रॉइडच्या व्हर्जनचा आतला नंबर) २७, म्हणजे अँड्रॉइड ८.१, ते आलं २०१७ ला, आणि १३ आलं २०२२ ला. १० कोअरचे निघाले ४. स्क्रीनशॉट काढून त्याचा साइज बघितला, १०२४ बाय ६०० ठिपके. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ४के (म्हणजे याच्या कितीतरी पट ठिपके) लिहिलेलं होतं, पण खाली बारीक अक्षरात ४के डिकोडिंग, म्हणजे ४के व्हिडिओ फक्त चालू होतो, दिसतो त्याच फुटक्या स्क्रीनवर. बरं ही चेक करायची अ‍ॅप्स पण कधीकधी फसवली जातात, त्यामुळे खरी टेस्ट एकच, स्टोरेज फाइल्सनी भरायचं आणि सगळ्यात आधी टाकलेल्या उघडून बघायच्या. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये अबाउटखाली डिव्हाइस सर्टिफाइड (म्हणजे गूगलने मान्य केलेलं) आहे का ते लिहिलेलं असतं, ते तर पहिल्या दिवशीच बघा, परत करायची मुदत संपायच्या आत.

रॅमचं एक वेगळंच. चांगल्या कंपन्या सुद्धा ४ अधिक ८ असं लिहितात, त्यातले ८ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. ती फसवणूक नाही म्हणता येणार, पण १२ समजून घेऊ नका.

विक्रेत्याला कळवलं तर इतका गोड बोलला की काय सांगू. आधी म्हणे रीसेट करा, मग अपडेट येईल थांबा, मग थोडे पैसे परत देतो टॅब तुमच्याकडेच ठेवा, मग जरा अजून थोडे, आणि दरवेळी उत्तर द्यायला दोन-तीन दिवस. मी भाव करत बसलो आणि तेवढ्यात तक्रार करायची तारीख निघून गेली. त्यानंतर उत्तर बंद. तो गोडवा त्यासाठीच होता हे मला नंतर कळलं. पहिल्याच दिवशी व्हिडिओ काढून साइटवरच तक्रार टाकायला हवी होती, चॅटमध्ये बोलत बसायला नको होतं.

त्या टॅबवरून माझे सगळे अकाउंट काढले, पासवर्ड बदलले. २०२३ मध्ये बॅडबॉक्स म्हणून प्रकरण बाहेर आलं होतं, त्यात असल्याच बिननावाच्या अँड्रॉइड डिव्हाइसमध्ये विकायच्या आधीच मालवेअर भरलेलं सापडलं होतं. माझ्यात आहे की नाही देव जाणे, पण रिस्क कोण घेणार.

काल सहज परत बघितलं तर तोच फोटो, तेच कव्हर, तोच फुकटचा पेन. फक्त नाव बदललंय, आणि आता रॅम २४ जीबी झालीये.