केस गळत नसतील, तर ते प्रत्यारोपण नव्हे

मल्टिपल स्क्लेरोसिसवर (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मज्जातंतूंवर उलटते तो आजार) स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशींचा, उपयोग होतो, ही थाप नाही. पैसे घेऊन पेशी टोचणाऱ्या केंद्रांकडून रुग्णांची फसवणूक चालते ती याच खऱ्या गोष्टीच्या आडून.

रुग्णापुढे ठेवला जाणारा अभ्यास बहुधा खराच असतो: 2019 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, 110 रुग्णांचा. त्यातल्या उपचारात सायक्लोफॉस्फमाइड आणि फिलग्रास्टिम ही औषधं देऊन रुग्णाच्याच पेशी अस्थिमज्जेतून रक्तात आणतात, यंत्राने गोळा करतात (वजनाच्या दर किलोमागे किमान 20 लाख सीडी34, म्हणजे रक्त घडवणाऱ्या, पेशी) आणि गोठवतात. मग जबर केमोथेरपीने प्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकतात आणि पेशी परत चढवतात. केस जातात, पांढऱ्या पेशी तळाला जातात, मुक्काम काही आठवड्यांचा. आजार थोपवते ती केमोथेरपी. पेशी फक्त रक्त पुन्हा उभं करतात. शिवाय हे मुख्यतः वारंवार रीलॅप्स (लक्षणं पुन्हा उसळणं) येणाऱ्यांसाठी आहे. वर्षानुवर्षं व्हीलचेअरवर असलेल्यांना त्याचा फारसा फायदा होत नाही, आणि नेमके तेच या जाळ्यात जास्त सापडतात.

हातात पडतो तो माल निराळाच. चरबीतून किंवा नाळेतून काढलेल्या मेझेन्कायमल पेशी (रक्त नव्हे, तर हाड, चरबी अशा ऊती घडवणाऱ्या), शिरेतून किंवा कमरेतून मणक्यात. केमो नाही, तिसऱ्या दिवशी घरी. ‘सौम्य पद्धत’ म्हणे! अस्थिमज्जेतल्या अशाच पेशींची 144 जणांवरची मेसेम्स चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली; 24 आठवड्यांनंतर एमआरआयवरच्या सक्रिय डागांत फरक दिसला नाही.

तरी आठवडाभरात बरं वाटतं, कारण ड्रिपमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइडही असतं. रीलॅप्स तसाही काही आठवड्यांत ओसरतो. व्हिडिओची युक्ती आणखी सोपी: ‘आधी’चं चालणं प्रवासानंतर उकाड्यात, ‘नंतर’चं सकाळी थंड खोलीत. मायलिन (वरचं आवरण) गेलेल्या मज्जातंतूंत उष्णतेने संदेश अडखळतो, गारव्यात सुधारतो. पेशींचा त्यात काही संबंध नाही. 25 फूट चालण्याची वेळ दोन्ही वेळा एकाच तापमानात, बाहेरच्या माणसाने मोजली का, एवढं विचारा.

सगळ्यात मोठं नुकसान पैशाचं नसतं. ‘पेशी रुजेपर्यंत चालू औषधं बंद ठेवा’ असं सांगतात. नॅटॅलिझुमॅब किंवा फिंगोलिमॉड (या आजाराची नेहमीची औषधं) पर्यायाविना थांबवलं, की तीनेक महिन्यांत आजार आधीपेक्षा जोरात उसळू शकतो. मग तेच केंद्र म्हणतं, पेशींचा असर उतरला, बूस्टर घ्या.

चाचणीचा नोंदणी क्रमांक दाखवला तर दबून जाऊ नका. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे. तिथे तुलनेचा गट आहे का आणि खर्च कोण करतंय, ते पाहा. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. पेशींचा स्रोत, संख्या, जिवंत पेशींचं प्रमाण आणि निर्जंतुकतेचा अहवाल लेखी मागा. ‘आमचं गुपित’ असं उत्तर आलं तर उठायचं.

पैसे भरून झाले असतील तर न्यूरॉलॉजिस्टपासून लपवू नका. दिलेल्या प्रत्येक औषधाची यादी घेऊन जा. मणक्यातल्या इंजेक्शननंतर ताप, तीव्र डोकेदुखी आणि मान आखडणं दिसलं तर मेंदुज्वराची शक्यता धरून त्याच दिवशी इस्पितळ गाठा. पुढच्या महिन्यांत पाठदुखी वा पायांतली कमजोरी वाढत गेली तर मणक्याचा एमआरआय करून घ्यावा. परदेशी केंद्रांत निरनिराळ्या स्टेम सेल टोचून घेतलेल्या स्ट्रोकच्या एका रुग्णाच्या मणक्यात गाठ वाढल्याची नोंद 2016 मध्ये झाली आहे.