आगळ भरायचं मशीन: १४ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी मार्चअखेर कोकम सिरप आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, बाटल्यांत भरायला पिस्टनचं छोटं फिलिंग मशीन घेतलं. बिलावर ‘एसएस ३०४’, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार. भरण्याचं माप चोख आहे, मोटर कुरकुरत नाही, त्याबद्दल जास्त लिहायला काही नाही. लिहायचंय ते गंजाबद्दल.

मला भीती होती कोकमाच्या आंबटपणाची. ती फुकट गेली. सिरप रात्रभर टाकीत राहिलं तरी डाग नाही. मशीन खाल्लं ते आगळाने, म्हणजे त्यातल्या मिठाने. जूनमध्ये शेवटचा घाणा भरला, टाकीतून दोन बादल्या पाणी सोडलं आणि मशीन झाकून ठेवलं. पंधरा दिवसांनी व्हॉल्व्ह उघडला तर गॅस्केटखाली तपकिरी कडं आणि सुईने टोचल्यासारखी भोकं. बाहेरून टाकी आरशासारखी!

स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा थर असतो, जेमतेम काही नॅनोमीटरचा. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा धरतो. मिठातलं क्लोराइड तो जागोजागी फोडतं, आणि गॅस्केटच्या फटीत ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून फुटलेला थर सांधत नाही. ३१६ या दुसऱ्या प्रकारच्या स्टेनलेसमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, तो इथे कामी येतो.

बोल्टांची गत त्याहून वाईट. ते बहुधा २०२ चे, म्हणजे ३०४ पेक्षा हलक्या स्टेनलेसचे असावेत. मी चुंबक घेऊन तपासत बसलो, तर लेथवाला हसला, “चुंबकान काय्येक कळणा नाय.” खरंच आहे, ३०४ ला चिकटत नाही तसं २०२ लाही नाही. त्याच्याकडूनच व्हॉल्व्ह आणि नोझल ३१६ मध्ये करून घेतले, बोल्टही बदलले. साडेसात हजार गेले. स्टीलच्या बोल्टावर स्टीलचा नट जोरात फिरवला की आटे एकमेकांत चावून बसतात, एक तर कापावा लागला. आता फूड ग्रेड ग्रीसचं बोट लावून हळू आवळतो.

दोन चुका माझ्याच. टाकी तारेच्या घासणीने घासली, तिसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके. तो गंज घासणीच्या लोखंडाचा होता. दुसरी, जंतू मरावेत म्हणून ब्लीचचं पाणी रात्रभर ठेवलं. गंज टाळायला निघालो आणि क्लोराइडच ओतलं.

आता आगळ भरून झालं की पाणी जिभेला खारट लागेनासं होईस्तोवर धुतो. मग गॅस्केट काढून, फडक्याने पुसून, सगळं उघडंच वाळवतो. पाऊण तास जातो, कंटाळा येतो. महिन्यातून एकदा सायट्रिक अ‍ॅसिडचं कोमट पाणी, लिटरला ५० ग्रॅम, तासभर. वरवरचे डाग जातात, पडलेली भोकं मात्र बुजत नाहीत. वेल्डिंगजवळचा निळसर पट्टा काढायची पेस्ट हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडची असते, ती घरी कोणी हाताळू नये.

नुसतं सिरप करणाऱ्याने ३०४ बिनधास्त घ्यावं. आगळ असेल तर रस लागणारे भाग ३१६ चेच मागावेत, आणि बोल्टांचं बिलावर वेगळं लिहून घ्यावं. बिलावरचं ‘३०४’ टाकीपुरतंच असतं, हे मला जूनमध्ये कळलं.

यंदाचा आगळाचा पहिला घाणा भरून काल व्हॉल्व्ह उघडला. जुन्या भोकांत अजून खारट लागतं.