सोलापूरच्या अंगणात बारमाही हिरवं काय लावावं: अशोक, बकुळ, कण्हेर की कामिनी?

जूनच्या सरी पडल्या की रोपवाटिकेतलं प्रत्येक रोप टवटवीत दिसतं. निवड मात्र मे महिना डोळ्यांसमोर ठेवून करावी. तेव्हा पारा ४२ अंशांपलीकडे जातो, नळाला पाणी रोज येत नाही आणि काळ्या मातीला भेगा पडतात.

शेजारच्या इमारतीचा आडोसा हवा असेल आणि कुंपणालगत चिंचोळी पट्टीच शिल्लक असेल, तर उंच सरळसोट अशोक बरा. तो लवकर वाढतो, आडवा पसरत नाही. पण सावली जवळजवळ नाहीच, आणि फळं धरली की रात्री वटवाघळं येतात. बकुळ याच्या अगदी उलट. पहिली दोन-तीन वर्षं तो वाढतच नाही असं वाटतं. एकदा मुळं खोल गेली की मात्र कमी पाण्यावरही तगतो, गर्द सावली देतो, आणि फुलं सुकली तरी त्यांचा वास जात नाही. भिंतीपासून दहा-बारा फूट जागा सोडता येत असेल तर मी बिनदिक्कत बकुळच सांगेन.

कुंपणाला कण्हेर की कामिनी, हा प्रश्न जास्त अवघड आहे. कण्हेर रुजली की पाण्यावाचून अडत नाही, शेळ्या तिच्या वाटेला जात नाहीत, आणि फुलं जवळजवळ वर्षभर. पण तिचं पान, फूल, चीक, सगळंच विषारी आहे. घरात रांगतं मूल असेल तर नको. छाटलेल्या फांद्या जाळायच्याही नाहीत, तो धूरही घातक असतो.

कामिनी सुरेख दाट होते, कात्रीने हवा तसा आकार घेते, पावसाळ्यात सुगंधाने अंगण भरून टाकते. तिला पाणी नियमित लागतं, आणि आपल्याकडे खरी अडचण चुनखडीची. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत हिराकस (लोह देणारं फेरस सल्फेट) टाकून फारसा उपयोग होत नाही, चुन्यामुळे ते तिथेच अडकतं. संध्याकाळी लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात पानांवर फवारावं. लावण्याआधीच मातीच्या सुक्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाकून पाहा. फसफसून फेस आला तर कामिनी जमिनीत न लावता मोठ्या कुंडीत लावलेली बरी.

चारांपैकी काहीही लावा, खड्डा २ फूट लांब-रुंद-खोल घ्या. मातीत शेणखत आणि थोडा मुरूम मिसळा, नाहीतर पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचा तीन-चार इंचांचा थर द्या. खोडाला मात्र तो टेकू देऊ नका, वाळवी लागते. रोज शिंपडण्यापेक्षा नळाला पाणी येईल त्या दिवशी आळं भरून द्या.